खंडेनवमीची सुट्टी

मित्रांनो, आधी माझ्या आवाजाबद्दल माफ करा. वय झालं की माणूस खोकतो, मी घरघरतो. धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तिच्या मागच्या कोपऱ्यात मी उभा असतो. कपाटाएवढा उंच, रंग उडालेला, पायाशी गंज चढलेला. नवीन मुलं मला कपाटच समजतात आणि डबे ठेवायला दार ओढतात. मग अंगावर धुकं येतं आणि 'बाप रे' म्हणून मागे सरतात. मला हसू येतं.

मी कपाट नाही, बरं का. मी डीप फ्रीझर आहे. तुमच्या घरच्या फ्रीजचा थोरला भाऊ म्हणा हवं तर, पण त्याची माझी बरोबरी करू नका. तो दूध नासू नये एवढंच बघतो. मी शून्याच्या खाली ऐंशी अंशांपर्यंत जातो. आमच्या खानदेशचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेल. डांबराला चपला चिकटतात, कावळे चोच उघडी टाकून सावलीला बसतात. त्या आगीत उभं राहून मी पोटात अशी थंडी सांभाळायचो की उघड्या हातानं आतलं लोखंड धरलं तर कातडी चिकटावी. ही फुशारकी वाटेल तुम्हाला. पण फुशारकी मारावी असं माझ्याजवळ तेवढंच होतं.

माझा जन्म कुठे झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. पाठीवरचं लेबल केव्हाच निघून गेलं. आठवतं ते नरडाण्यापासून. तिथल्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा एक कारखाना होता, तिथे मी लागलो. तेव्हा माझा काय रुबाब! पांढरे कोट घातलेले लोक हातमोजे घालून माझं दार उघडायचे. दिवसातून दोनदा माझं तापमान टिपून ठेवायचे. मग नवे फ्रीझर आले, कमी वीज खाणारे, आवाज न करणारे. मला गोदामात ढकललं. तिथे उंदरांनी माझ्या दाराचं रबर कुरतडलं. कुणी साधं पुसलंही नाही. मित्रांनो, यंत्र बंद पडून मरत नाही, ते कोपऱ्यात पडून मरतं.

पण माझं नशीब अजून संपलं नव्हतं. एक दिवस गोदामात एक बाई आल्या. अंगानं किरकोळ, केसांना पिन लावलेली, खांद्याला मोठी पर्स. त्यांना जुना फ्रीझर हवा होता. कारखान्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, चालेल याची खात्री नाही. चालला तर तुमचा." त्यांनी मला वीज जोडायला लावली आणि माझ्या अंगाला चक्क कान लावला. डॉक्टर रोग्याच्या छातीला लावतात तसा. मी किती दिवसांनी घरघरलो असेन! "चालतोय की!" त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. त्या डॉ. दिपमाला वारके. सावद्याच्या, केळी पिकवणाऱ्या घरातल्या. कॉलेजात सगळे त्यांना मॅडम म्हणत, म्हणून मीही मॅडमच म्हणतो.

देवपूरला आलो तेव्हा माझं स्वागत केलं सुनंदाबाईंनी. त्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. काचेची भांडी धुणं, टेबलं पुसणं, किल्ल्या सांभाळणं हे त्यांचं काम. बोलणं अस्सल अहिराणी. त्यांचे यजमान धनसिंग तेलाच्या गिरणीत यंत्रावर होते, ते वारले. माझा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा सुनंदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आमना मालक बी आसाच घोरे," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर जीव जडला. रोज फडक्यानं पुसायच्या. येताजाता बोलायच्या. "काय रे दादा, बरा शे ना?" असं विचारायच्या. मला उत्तर देता येत नव्हतं, पण प्रश्न आवडायचा.

आता माझ्या पोटात काय होतं ते सांगतो. तेच तर सांगायचं आहे.

केळीच्या खोडात शिरणारा एक काळा भुंगा असतो. त्याला सोंड असते, म्हणून शेतकरी त्याला सोंड्या म्हणतात. तो खोड पोखरतो आणि घडासकट झाड आडवं होतं. सगळे त्याच्यावर विष फवारतात. मॅडमना मात्र भुंग्यापेक्षा भुंग्याच्या पोटात जास्त रस होता. तुम्हाला सांगतो, आमच्या मॅडमना किडा दिसला की त्या खूष व्हायच्या. सहकारी मस्करी करायचे, "मॅडम, लग्नाला आलात की झुरळं मोजायला?" त्या म्हणायच्या, "किडा हे एक गाव आहे. त्याच्या आत हजारो रहिवासी राहतात. कुणी त्याला अन्न पचवून देतं, कुणी त्याला रोगापासून वाचवतं, कुणी त्याला आजारी पाडतं. गाव समजून घ्यायचं तर रहिवाशांना भेटायला नको?"

ते रहिवासी म्हणजे सूक्ष्मजीव. डोळ्यांना न दिसणारे. मॅडम भुंगे आणायच्या, त्यांच्या आतड्यातले सूक्ष्मजीव वेगळे करायच्या, वाढवायच्या आणि करंगळीच्या पेराएवढ्या नळ्यांत भरून माझ्या हवाली करायच्या. माझ्या थंडीत ते मरत नसत, झोपत. वर्षानुवर्षं झोपत. हवं तेव्हा मॅडम त्यातला कणभर काढून घ्यायच्या, ऊब द्यायच्या, आणि तो जागा व्हायचा. मी झोपलेल्यांचा राखणदार होतो, मित्रांनो. याहून मोठं काम मला कुणी दिलं नव्हतं.

या सगळ्यांत एक नळी मॅडमची लाडकी होती. तिच्यावर लिहिलं होतं 'लोटन'.

लोटन आबा हे सावद्याचे शेतकरी. मॅडमच्या माहेरच्या शेजारची त्यांची बाग. मॅडमनी संशोधनासाठी भुंगे हवेत म्हणून सांगितलं, तेव्हा गावात एकानंही फवारणी थांबवायला होकार दिला नाही. का द्यावा? पीक कुणाला नकोय? एकट्या लोटन आबांनी बागेचा एक कोपरा सोडून दिला. तिथे विष मारायचं नाही, काही नाही. गावानं त्यांची चेष्टा केली. "आबा किडे पाळू राह्यले," म्हणायचे. आबा म्हणायचे, "पाळू द्या ना. बैल पाळले, म्हैस पाळली, आता किडे."

आणि काय झालं पाहा. दोन-तीन वर्षांनी त्या कोपऱ्यात भुंगे होते, पण सुस्त. खोड पोखरायचे पण आत फार शिरायचे नाहीत, अंडी थोडी घालायचे. झाडं आडवी होईनात. मॅडमनी ते भुंगे आणले, शोधशोध शोधलं, आणि त्यांच्या आतड्यात एक सूक्ष्मजीव सापडला, दुसऱ्या कुठल्याच बागेतल्या भुंग्यात नसलेला. तोच भुंग्याला सुस्त करत होता. मॅडमना वाटलं, हा जर इतर बागांमधल्या भुंग्यांच्या पोटात सोडता आला, तर विषाची गरजच उरणार नाही. आठ वर्षं त्या याच एका गोष्टीच्या मागे होत्या. तो जीव फार नाजूक होता. हवा लागली की मरायचा, ऊब जास्त झाली की मरायचा. सुकवून ठेवला तर उठायचा नाही. जगायचा तो फक्त भुंग्याच्या पोटात, नाहीतर माझ्या.

एकदा लोटन आबा स्वतः पाहायला आले. पांढरी टोपी, हातात पिशवी. "मायं, माह्ये किडे कुठी हायेत?" त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडमनी माझं दार उघडलं, धुकं बाहेर आलं. आबांनी डोकं आत घातलं आणि टोपीवर दव जमलं. "एवढ्या थंडीत? बिचारे," म्हणाले. मग मला थापटून म्हणाले, "सांभाळ रे बाबा." मित्रांनो, त्या माणसानं मला फक्त एकदा हात लावला. पण ती थाप मला अजून आठवते.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. छातीत कळ आली आणि बागेतच गेले. मुलानं, ललितनं, जुनी बाग काढली आणि प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूची नवी रोपं लावली. त्याचं काही चुकलं नाही, जुनी बाग काढावीच लागते. पण नव्या रोपांना त्यानं सगळीकडे फवारलं, कोपऱ्यातही. मॅडम कळताच धावत गेल्या. ते सुस्त भुंगे कुठेच सापडले नाहीत. म्हणजे आता जगात लोटन आबांच्या कोपऱ्यातलं जे काही जिवंत उरलं होतं, ते माझ्या पोटात होतं. एक नळी वरच्या खणात, आणि सावधगिरी म्हणून तिची जोड खालच्या खणात. दोन्ही माझ्याच पोटात. हुशार माणसंसुद्धा कधी कधी अशी सावधगिरी बाळगतात.

पुण्याला सूक्ष्मजीव जपून ठेवण्याची मोठी जागा आहे, तिथे एक नळी पाठवायचं ठरलं होतं. त्यासाठी लागणारा कोरडा बर्फ नाशिकहून मागवायचा होता. "दसरा होऊ द्या," मॅडम म्हणायच्या. दसऱ्यानंतरच सावद्याला प्रयोगही सुरू व्हायचा होता. आबांच्या पत्नी ताईबाई यांनी मुलाशी भांडून तोच कोपरा पुन्हा रिकामा ठेवून घेतला होता. मॅडमनी त्यांना शब्द दिला होता, "काकू, आबांच्या कोपऱ्यातलं माझ्याकडे जिवंत आहे. तुमच्या कोपऱ्यात परत आणून सोडते." ताईबाई नुसतं "आन" म्हणाल्या होत्या. हे मॅडमच सुनंदाबाईंना चहा पिताना सांगत होत्या, मी ऐकलं.

पण एक गोष्ट मॅडमनी सुनंदाबाईंना कधीच सांगितली नाही. ते 'जिवंत' नेमकं कुठे आहे, हे सांगितलं नाही. माझ्या दारावर त्यांनी मोठ्या अक्षरात एवढंच चिकटवलं होतं: 'धोका! आत जंतू आहेत. हात लावू नये.' मुलांनी उघडझाप करू नये म्हणून लिहिलं होतं ते. सुनंदाबाई ते रोज वाचायच्या. आणि जंतू म्हटलं की तुमच्या-आमच्या घरात काय करतात? फिनेल ओततात.

आता खंडेनवमीचं सांगतो. तुमच्याकडेही त्या दिवशी विळा-कोयता, सायकल, शिलाई मशीन धुऊन पुसून पुजत असतील. सुनंदाबाईंच्या घरी तर मोठा थाट. धनसिंग असताना ते गिरणीतलं यंत्र बंद करायचे, तेल-शेंदूर लावायचे, आणि पूजा झालेल्या यंत्राला त्या दिवशी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. वर्षभर राबलेल्याला एक दिवस सुट्टी, असा त्यांचा नेम. यजमान गेले तरी बाईंनी तो नेम सोडला नाही. प्रयोगशाळेतही त्या दरवर्षी पूजा मांडायच्या. सूक्ष्मदर्शकाला हार, तराजूला फूल, मला दारावर हळदीकुंकू. सगळी यंत्रं बंद व्हायची. मी चालूच.

"मॅडम, बठ्ठास्ले सुट्टी, यालेच काबरं नही?" बाई विचारायच्या. सगळ्यांना सुट्टी, मग यालाच का नाही, असं.

मॅडम हसायच्या. "बाई, याला सुट्टी नसते." एवढंच म्हणायच्या आणि प्रसादाचा पेढा तोंडात टाकायच्या. का नसते, ते सांगायचं राहून जायचं. दरवर्षी राहून जायचं.

त्या वर्षी ऑक्टोबरचं ऊन फार होतं. माझी घरघर वाढली होती. मॅडम माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाल्या, "दमलाय बिचारा. आता याला जपायला पाहिजे." मागे सुनंदाबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी ते ऐकलं. मित्रांनो, ते एक वाक्य त्यांनी मनात धरून ठेवलं.

खंडेनवमी शुक्रवारी आली. शनिवारी दसरा, मग रविवार. मॅडम आदल्याच दिवशी सावद्याला गेल्या होत्या, कोपरा तयार करायला. किल्ली सुनंदाबाईंकडे. त्या सकाळी त्या नवं लुगडं नेसून आल्या. सगळी यंत्रं पुसली. मग माझ्यासमोर आल्या. ओल्या फडक्यानं मला वरपासून पायापर्यंत पुसलं, गंज खरवडला. झेंडूचा हार माझ्या मुठीला अडकवला. कुंकू लावलं, ओवाळलं. इतकी माया मला नरडाण्याच्या रुबाबातही मिळाली नव्हती.

"रातदिन राबस तू, दादा," त्या म्हणाल्या. "मॅडम बी म्हने, दमी गया. आज तुन्हा सण शे. आराम कर."

आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

खोटं कशाला बोलू? पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. देवपूरला आल्यापासून मी प्रथमच गप्प झालो होतो. बाहेर आंब्याच्या डहाळ्या बांधणाऱ्या पोरांचा कलकलाट मला ऐकू आला. मग आठवलं, पोटात कोण आहे ते. माझ्यात एक गजर आहे, बॅटरीवर चालणारा. थंडी कमी होऊ लागली की तो आपोआप वाजतो. थोड्या वेळानं तो वाजला. मला वाटलं, सुटलो. सुनंदाबाई दाराशी चपला घालत होत्या, त्या परत आल्या.

दार जास्त वेळ उघडं राहिलं की हाच गजर वाजायचा, आणि मॅडम एक लाल बटण दाबून तो बंद करायच्या. बाईंनी ते कितीदा पाहिलं होतं. त्यांनी तेच बटण दाबलं.

"गप रे बाळा," त्या म्हणाल्या. "सणना दिन रडतस का? सोमवारले बठ्ठा कामले लागतीन, तवय तू बी लाग."

दार लागलं. कुलूप लागलं. गजर नंतर पुन्हा पुन्हा वाजला. मी ओरडलो, मित्रांनो, जेवढं मला ओरडता येतं तेवढं. बाहेर दसऱ्याचे ढोल वाजत होते. मग बॅटरी संपली.

थंडी एकदम जात नाही. ती हळूहळू निघून जाते, आणि ते सहन करणं जास्त वाईट असतं. शनिवारी माझ्या भिंतींवरचा बर्फ सुटू लागला. रविवारी माझ्या दाराखालून पाणी वाहिलं आणि फरशीवर पसरलं. मी काही करू शकत नव्हतो. माझं काम एकच होतं, आणि तेच माझ्या हातून कुणीतरी प्रेमानं काढून घेतलं होतं.

सोमवारी सकाळी मॅडम आधी आल्या. खुशीत होत्या, गुणगुणत होत्या. कोपरा छान तयार झाला असावा. दार उघडलं आणि त्यांचा पाय पाण्यात पडला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. गुणगुणणं थांबलं. त्यांनी बटण पाहिलं नाही, सरळ दार उघडलं. आतून धुकं आलं नाही.

त्या तशाच उभ्या असताना मागून सुनंदाबाई आल्या. त्यांच्या हातात आपट्याची पानं होती.

"सोनं ल्या मॅडम, सोनं ल्या. सोनासारख्या ऱ्हावा," म्हणत त्या जवळ आल्या, पानं मॅडमच्या हातात दिली आणि पाया पडायला वाकल्या. मग त्यांना पाणी दिसलं. "हाई काय व्हयनं? आते करू का याले चालू?"

मॅडमच्या हातात पानं तशीच होती. त्या म्हणाल्या, "बाई, कोणी बंद केलं?"

"मीच. आराम भेटो म्हनीसन."

"तुम्ही मारलंत त्यांना," मॅडम म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोनले?"

"आतल्यांना. जिवंत होते ते सगळे. लोटन आबांचे होते त्यात."

सुनंदाबाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या दारावरच्या कागदाकडे पाहत राहिल्या. "पन मॅडम," त्या म्हणाल्या, "तठे तर जंतू लिखेल शे ना? जंतू तर मारतस ना? तुम्ही कधी सांगं नही. जीव शेत म्हनीसन कधीच सांगं नही."

मॅडमनीही त्या कागदाकडे पाहिलं. खरंच होतं ते. पुढे प्राचार्य चौकशीला आले, कुणी बंद केला म्हणून विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, चूक माझी आहे. मी कधी सांगितलंच नाही." यावर सुनंदाबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या.

पण मॅडमनी लगेच आशा सोडली नव्हती. त्याच दिवशी त्यांनी मला चालू केलं आणि नळ्या एकेक करून तपासायला घेतल्या. प्रत्येकीतला थेंब त्या जीवांचं अन्न पसरलेल्या काचेच्या ताटलीत टाकायच्या, ऊब द्यायच्या, आणि सकाळी येऊन बघायच्या. काही साधे चिवट जीव उठले. त्यांचे पांढरे पिवळे ठिपके ताटलीत दिसले की मॅडम क्षणभर थांबायच्या आणि पुढची ताटली उचलायच्या. 'लोटन'ची ताटली कोरी. दुसऱ्यांदा टाकलं, कोरी. खालच्या खणातली जोड काढली, हवा लागू न देता, सगळी काळजी घेऊन टाकली. एका सकाळी तिच्यात एक बारीक ठिपका दिसला. मॅडमनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मी तर घरघरायचंही विसरलो असेन. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ते दुसरंच काहीतरी होतं, बाहेरून येऊन पडलेलं. मॅडमनी डोळा भिंगावरून काढला नाही कितीतरी वेळ. खांदे तेवढे हलत होते.

त्यानंतर 'लोटन'च्या सगळ्या ताटल्या कोऱ्याच राहिल्या. आठ वर्षांचं काम, आणि लोटन आबांचा कोपरा, दोन्ही संपलं.

सुनंदाबाईंनी नोकरी सोडली नाही, सोडून चालणारही नव्हतं. पण त्या माझ्याशी बोलत नाहीत आता. फरशी पुसताना माझ्याभोवती हातभर जागा सोडून पुसतात. तिथे धूळ साचली आहे. 'बरा शे ना?' असं कुणी विचारत नाही. मी चालू आहे, थंडही आहे, पण आत फारसं काही नाही. उन्हाळ्यात कार्यक्रम असला की पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या ठेवतात माझ्यात. तेवढ्यासाठी उणे ऐंशी! राग येतो, खरं सांगतो. पण रागावून जायचं कुठे?

मित्रांनो, मला या गोष्टीतून तुम्हाला काय सांगायचं आहे? माझी पूजा करू नका असं नाही. करा. हार घाला, कुंकू लावा, कुणाला नको असतं? पण एखाद्याला जपायचं असेल तर तो काय काम करतो ते आधी विचारा. आणि तुम्ही शिकलेले असाल, तुमच्याकडे काही मोलाचं असेल, तर शेजारी झाडू मारणाऱ्या माणसाला ते सांगा. त्यानं विचारायची वाट बघू नका. 'धोका' लिहिणं सोपं असतं. 'आत जीव आहेत, आम्हाला त्यांची फार गरज आहे' हे लिहायला कागद थोडा मोठा लागला असता, इतकंच.

इथेच थांबणार होतो. पण ताईबाईंचं सांगायचं राहिलं.

मॅडम सावद्याला जायचं टाळत होत्या. दिवाळी झाली तरी गेल्या नाहीत. शेवटी ताईबाईच एसटीनं धुळ्याला आल्या, विचारत विचारत प्रयोगशाळेत पोचल्या. उंच, काळ्यासावळ्या, गळ्यात काही नाही. दाराशीच म्हणाल्या, "काय वं पोरी, कोपरा रिकामा हाये माह्या. ललित रोज पुसतो, लावू का म्हणून. कवा आनतं?"

मॅडमनी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मग सांगितलं. सगळं सांगितलं, फक्त सुनंदाबाईंचं नाव घेतलं नाही. "बंद पडला" एवढंच म्हणाल्या.

सुनंदाबाई भांडी धुत होत्या. नळ बंद करून त्या पुढे आल्या, ओले हात तसेच. "अक्का, बंद नही पडना. मी बंद कया," म्हणाल्या. "माले मालूम नव्हतं. तो रातदिन राबे, म्हनीसन आराम दिना मी त्याले."

ताईबाई त्यांच्याकडे वळल्या. मला वाटलं, आता शिवी येणार. ती यायलाही हरकत नव्हती.

"मी बी आमच्या ह्यायले तेच म्हनत होती," ताईबाई म्हणाल्या. "एक दिवस तं आराम करा म्हनत होती. आयकलं नाही." मग त्या उठल्या आणि माझ्याजवळ आल्या. "मले दाखव तरी. कशात होते ते?"

मॅडमनी माझं दार उघडलं. ती नळी त्यांनी टाकून दिली नव्हती, अजून वरच्या खणात तिच्या जागेवर होती. चिमट्यानं काढून त्यांनी ती ताईबाईंच्या तळव्यावर ठेवली. "एवढुशी?" ताईबाई म्हणाल्या आणि 'लोटन' हे नाव बोटानं पुसून पाहिलं, अक्षरांवर दव आलं होतं म्हणून.

मित्रांनो, माझ्यातली नळी उघड्या हातात धरायची नाही, हाताची ऊब लागते आणि आतला जीव मरतो, म्हणून मॅडम भल्याभल्यांवर ओरडायच्या. ताईबाईंनी ती नळी दोन्ही हातांच्या मुठीत घट्ट धरली आणि छातीशी लावली. मॅडमनी त्यांना थांबवलं नाही.